सहा पेले खाली, एक ओठाला

नायफाला गावात कुणी 'अमक्याची आई' म्हणत नसे. ऐन सुमाक या तिच्या गावात पहिला मुलगा झाला की बाईला त्याच्या नावानं ओळखतात, तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. नायफा अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी नायफाच राहिली. करकच्या मुलींच्या शाळेत सतरा वर्षं अरबी शिकवल्यामुळे काहीजणी तिला 'बाई' म्हणत. पण गेल्या सहा वर्षांत तिला चिकटलेलं नाव तिसरंच होतं. टेपवाली.

"टेपवाली चढली रे, तोंडं मिटा," करकच्या मिनीबसमध्ये मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणायचं.

"तू मिटू नकोस," नायफा खिडकीबाहेर बघत म्हणायची, "तुझं तोंड मिटलं तर बस चालणार कशावर?"

लोक हसत. मग हसणंही थांबलं.

तिची टेप म्हणजे तळहातात मावेल एवढं काळं यंत्र आणि केसाळ टोपी घातलेला माइक. अम्मानमधल्या तीन खोल्यांच्या एका कचेरीतून 'उंबरठा' नावाचा पॉडकास्ट निघे. त्यासाठी ती दर महिन्याला एक गोष्ट करून देई. तिच्या गोष्टींत मंत्री नसत आणि परिषदाही नसत. मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालणारी बाई असे, सीमेपलीकडून आलेला आणि दहा वर्षं तंबूतच शिकवणारा मास्तर असे, भावाच्या नावे आपला हिस्सा लिहून देणाऱ्या बहिणी असत. ही शेवटची गोष्ट ऐकल्यावर तिचा धाकटा भाऊ रातिब चार महिने तिच्याशी बोलला नव्हता. त्या बहिणींमधला एक आवाज तिचाच होता.

झालं होतं असं, की लग्नानंतर चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून नायफा जर्काहून बापाच्या घरी परत आली. बाप गेला तेव्हा मामांनी कागद पुढे केला आणि तिनं सही केली. सगळ्याच करतात. घर रातिबचं झालं. तिच्या वाट्याला माडीवरची एक खोली आली, स्वयंपाकघरात वावरायची मोकळीक आली आणि भावजयीची जीभ आली. भावजय सुब्हिया मनानं वाईट नव्हती, पण तिला गप्प बसता येत नसे. रातिब लष्करातून निवृत्त झालेला, मिशा पिळलेला, शब्दाला जपणारा माणूस. स्वतःच्या शब्दाला तो फारच जपे.

नायफाच्या कामाच्या दोन सवयी होत्या. समोरच्या माणसाला ती पहिला प्रश्न नेहमी एकच विचारी, "आज सकाळी काय खाल्लंत?" आवाज किती मोठा लागतोय हे बघायला अम्मानच्या पोरींनी तिला तो शिकवला होता. पण तिच्या लक्षात आलं की खाण्याबद्दल माणूस सहसा खोटं बोलत नाही आणि एकदा खरं बोलायला लागला की थांबणंही त्याला जड जातं. दुसरी सवय शेवटची. बोलणं संपलं की ती म्हणायची, "आता एक मिनिट कुणी काही बोलू नका, मला खोलीचा आवाज हवाय." पुढे जोडकाम करताना तो रिकामा आवाज लागतो. माणसं आधी हसत, मग गप्प बसत आणि बऱ्याचदा त्या मिनिटात रडत. ते मात्र ती कधी वापरत नसे.

त्या हिवाळ्यात ती हसनाकडे गेली, आणि गावाशी वैर तिथून सुरू झालं.

एकतीस वर्षांपूर्वी ऐन सुमाकच्या तेलघाण्यावर ऑलिव्हची पोती लावायची पाळी कुणाची यावरून दोन भावक्यांत जुंपली आणि नायफाच्या भावकीतला जदूअ पोटात सुरा लागून मेला. ज्यानं सुरा चालवला त्याला पोलिसांनी धरलं. रिवाज असा, की रक्त सांडणाऱ्याच्या भावकीनं त्याच दिवशी गाव सोडायचं. चुलत, चुलतचुलत, म्हातारे, बाळंतिणी, सगळ्यांनी. हसना त्याच्या चुलत भावांपैकी एकाची बायको, मांडीवर चाळीस दिवसांचं मूल. ती गेली आणि मागे तिचं घर जळालं; चुलीची ठिणगी उडाली, असं गाव म्हणे. सुरा चालवणारा पंधरा वर्षं तुरुंगात राहून सुटला आणि आखातात जाऊन दुकान टाकून बसला. हसना अजून मफ्रकच्या उजाड कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांतच होती.

"तू त्यांचीच ना?" दारातच तिनं नायफाला विचारलं होतं. सत्तरीची, हनुवटीवर निळं गोंदण, आवाज लोखंडाच्या कडीसारखा. "मग ऐक. माझ्या घरचं पाणी तुला मिळणार नाही. बस तिथे, दाराशी."

"बसते. आज सकाळी काय खाल्लंत?"

"विष खाल्लं. तुला काय करायचंय?" मग जरा थांबून, "मसूर. कालची उरलेली मसूर."

आणि मग मसुरीवरूनच ती बोलायला लागली. त्या दिवशीही चुलीवर मसूरच होती. तिच्या आईनं दिलेलं तांब्याचं पातेलं, तळाला एक पोचा आलेलं. पोलिसांचा ट्रक आला आणि शिपाई म्हणाला, उचल पोर, चल. चूल विझवायला सवड मिळाली नाही. "ट्रकमधून मागे वळून बघितलं, तर माझ्या दारातून मसुरीचा पिवळा ओघळ बाहेर येत होता. तुझ्या लोकांनी लाथ मारली माझ्या पातेल्याला. मेलेल्याचं रक्त त्यांना महाग आणि माझ्या लेकरांचं अन्न पायाखाली. लिही हे. नाही, लिहू नकोस, तसंच ऐकव सगळ्यांना."

निघताना तिनं नायफाचा दंड धरला. "एकतीस वर्षांत मी हे कुणाशी बोलले नाही. आता बोलले. तू हे गिळलंस, तर तुझं थडगं मी शोधून काढीन."

संपूर्ण गोष्ट पुढच्या आठवड्यात बुधवारी निघणार होती. पण अम्मानच्या कचेरीतली संपादक दीमा हिनं नेहमीप्रमाणे आधी एका मिनिटाचा तुकडा सोडला, आणि नेमका तो पातेल्याचा. दुपारपर्यंत तो ऐन सुमाकच्या प्रत्येक फोनवर पोचला.

गावानं त्यातलं बाकी काही ऐकलं नाही, फक्त लाथ ऐकली. इथे जमिनीवर भाकरीचा तुकडा पडलेला दिसला तर माणूस वाकून उचलतो, ओठाला लावतो आणि भिंतीवर ठेवतो. आम्ही अन्नाला लाथ मारली म्हणजे? खुनाचा आरोप एकवेळ चालला असता.

दुकानदारानं नायफाला साखर द्यायला नकार दिला. संपली म्हणाला, आणि तिच्यादेखत दुसरीला दिली. शाळेतल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनीनं, जिला तिनं हाताला धरून व्याकरण शिकवलं होतं, गावाच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांना स्वतःचं घर टिकवता आलं नाही त्यांनी दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी सांगू नयेत.' खाली त्रेसष्ट अंगठे.

"त्रेसष्ट," सुब्हियानं भांडी घासता घासता सांगितलं. "वन्सं, मी नाही हो दिला. मी नुसतं बघितलं."

"बघितलंस ना? मग मोजत बसायचं काय कारण?"

"मोजावं लागतं. उद्या माझ्या पोरीला मागणी येणार आहे का या घरात? कोण येणार टेपवालीच्या भाचीसाठी?"

 हे नायफाला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

गुरुवारी रातिब माडीवर आला. तो वर सहसा येत नसे.

"उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर शेख येतायत. आपल्या भावकीचे प्रमुख, अबू सतम स्वतः. सात माणसं."

"कशाला?"

"शेतीची चौकशी करायला! कशाला येतील?" त्यानं आवाज खाली आणला. "मागणं घेऊन येतायत. ती गोष्ट निघता कामा नये. मी त्यांना 'प्या' म्हणणार आहे."

नायफाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. मागणं घेऊन आलेली माणसं कॉफीचा पेला घेतात आणि न पिता पुढ्यात ठेवतात. यजमान म्हणाला, 'कॉफी प्या, मागितलंत ते दिलं,' की विषय मिटतो. तो शब्द मग घराचा असतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडतो.

"गोष्ट माझी आहे, रातिब. मागायचं असेल तर माझ्याकडे मागू देत."

"तुझ्याकडे?" तो हसला. "सात दाढ्या येऊन एका बाईसमोर पेले ठेवतील? नायफा, घर माझं आहे. तूच सही केलीस. माझ्या शब्दानंतर तू तो आवाज बाहेर सोडलास, तर बॅग भरायची. अम्मानला जाऊन राहा त्या केस कापलेल्या पोरींबरोबर. इथे परत येऊ नकोस, माझ्या मयतालाही."

तो गेल्यावर तिनं दीमाला फोन केला. दीमा लेकीच्या वयाची, पण डोकं थंड. "बाई, गाव तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही थांबव म्हणालात तर थांबवते. पण हसनाला ते तुम्ही सांगायचं. मी फोन करणार नाही."

नायफानं हसनाला फोन केला नाही. कपाटावरून बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि पलंगावर उघडी ठेवली. आत काही भरलं नाही.

शुक्रवारी गारठा इतका होता की स्वयंपाकघरातली केरोसीनची शेगडीही कुरकुरत होती. नायफा खलबत्त्यात कॉफीच्या बिया कुटत होती. शेजारी सुब्हिया वेलची सोलत होती.

"वेलची जास्त घाला वन्सं. वासानं तरी डोकी थंड होतील त्यांची."

"वासच घेणार आहेत. पितील तुझा नवरा सांगेल तेव्हा."

"सांगणारच आहेत ते. बरंच आहे. एकदाचं मिटेल."

"कुणाचं मिटेल गं, सुब्हिया?"

सुब्हिया वेलचीची सालं चिमटीनं गोळा करत राहिली.

गाड्या आल्या. बुटांचे, खोकल्याचे, सलामांचे आवाज. बैठकीचा आणि स्वयंपाकघराचा दरवाजा नीट लागत नसे, बोटभर फट राही. नायफा फटीशी उभी राहिली. भिंतीकडेच्या गाद्यांवर सात जण बसले होते. मधोमध अबू सतम. रुंद खांदे, सोनेरी काठाचा झगा, आवाज असा की ते बोलू लागले की आपण मशिदीत आहोत असं वाटावं. दाराशी सर्वांत शेवटी एक बारका म्हातारा अंग चोरून बसला होता. तो मिफ्दीकाका. मेलेल्या जदूअचा सख्खा भाऊ. रक्त त्याचं, म्हणून त्याला आणलं होतं. एकतीस वर्षं प्रत्येक बैठकीत तो असाच दाराशी बसे, आणि त्याच्या वतीनं बोलत ते शेख.

रातिबनं किटलीतून कॉफी ओतायला सुरुवात केली. एक घोटभर, मुठीत मावणारे पेले. नायफाचे कान कामाला लागले. तिला सवयच होती. काचेच्या बुटक्या मेजावर चिनी मातीचा पेला टेकला की टिक्. एक. दुसरा, टिक्. अबू सतमनी अल्लाची स्तुती सुरू केली होती, पैगंबरांवर सलाम पाठवला होता, जदूअच्या आत्म्यासाठी दुवा मागितली होती. तिसरा. चौथा. "…आणि म्हणून आम्ही या सन्मान्य घरी आलो आहोत, अबू हायिल," शेख रातिबला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं म्हणाले, "एका बाईच्या अविचारानं आपल्या सर्वांच्या तोंडाला काळं लागू नये म्हणून. आमची कॉफी तुझ्या पुढ्यात आहे. आमचं मागणं तू जाणतोस." पाचवा. सहावा.

मग सुर्र.

नायफाला आधी वाटलं शेगडीच वाजली. पुन्हा सुर्र, शेवटचा थेंब ओढल्यासारखं. तिनं फटीला डोळा लावला. मिफ्दीकाकांनी पेला रिकामा केला होता आणि हात पुढे करून धरला होता. पुरे झालं म्हणून हलवला नव्हता, आणखी हवी म्हणून धरला होता.

 रातिबच्या हातातली किटली तशीच तिरकी.

"मिफ्दी," अबू सतम हळू आवाजात म्हणाले, "चुकून घेतलीस. ठेव."

"चुकून नाही घेतली."

"अरे, आपण मागणं घेऊन आलोय."

"तुम्ही आलात. मला गाडीत बसवलंत म्हणून मी आलो. माझं काही मागणं नाही." मग रातिबकडे बघून, "ओत की. का भावाच्या रक्ताची किंमत एकच घोट?"

रातिबनं ओतली. यजमान होता तो, पुढे धरलेला पेला परतवणं त्याला जन्मात जमलं नसतं. मिफ्दीकाकांनी ती पण प्यायली. आणि मग पेला हलवला.

"म्हातारा चळलाय," कुणीतरी म्हणालं. "त्याचं धरू नका."

"कसं धरू नका?" दुसरा चिडून म्हणाला. "रक्त त्याचं! त्यानंच प्यायली तर आपण कुणाच्या वतीनं मागतोय?"

अबू सतम उठून उभे राहिले. आता आवाजात मशीद नव्हती. "एकतीस वर्षं, मिफ्दी! एकतीस वर्षं आम्ही तुझ्यासाठी बोललो. राजवाड्यापर्यंत बोललो. आणि आज तू आम्हाला या टेपवालीच्या दारात उघडं पाडतोस?"

"बोललात ना," मिफ्दीकाका म्हणाले. "म्हणूनच. पुरे आता. बाईला बोलवा."

"कशाला?"

"तिची ती टेप घेऊन."

नायफा दार ढकलून आत आली. डोक्यावरचा रुमाल नीट केला, कुणाकडे बघितलं नाही, मिफ्दीकाकांसमोर जमिनीवर बसली आणि यंत्र चालू केलं.  तिनं माइक दोन्ही हातांत धरला.

"त्या बाईनं काय सांगितलं ते ऐकलं मी," काका थेट तिच्या तोंडावर म्हणाले. "खोटारडी आहे ती. आणि तूही खोटारडी, खोटं पसरवणारी. लाज नाही वाटली? आपल्या माणसांना एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला?"

तिला सणसणीत लागलं. मफ्रकपर्यंत चार तास गेली होती ती, आणि काकांचं घर तर तिच्या माडीवरून दिसे. तिथे ती गेली नव्हती. ते काही बोलणार नाहीत, त्यांच्या वतीनं शेख बोलतील, हे तिनंही बाकी गावासारखंच गृहीत धरलं होतं.

"नाही विचारलं. चुकले," ती म्हणाली. "आता विचारते. आज सकाळी काय खाल्लंत, काका?"

"हा काय प्रश्न आहे?"

"आवाजासाठी लागतो."

"काही नाही खाल्लं. घशाखाली उतरेना. तुझी कॉफी तेवढी प्यायलो, ती पण कडू." त्यांनी पाय ओढून घेतले. "आता ऐक. तिचं घर आम्ही जाळलं. काडी मी लावली."

"मिफ्दी!" अबू सतम ओरडले. गेली एकतीस वर्षं शेखांच्या प्रत्येक भाषणात ते घर चुलीच्या ठिणगीनं आपोआप पेटत आलं होतं. "बंद कर ते यंत्र! बाई, बंद कर!"

नायफानं बंद केलं नाही.

"मी लावली," काका म्हणाले. "माझा भाऊ सकाळी पोती घेऊन गेला आणि दुपारी पोत्यात बांधून आणला. जाळणार नाही तर काय करणार? आजही जाळीन. पण आत गेलो तेव्हा चुलीवर पातेलं उकळत होतं. अन्न होतं ते. अन्नाला मी लाथ मारीन? माझ्या आईनं मला असं वाढवलं? मसूर मी माझ्या हातानं दाराबाहेर ओतली, तिच्या कोंबड्यांपुढे. आधी कोंबड्या बाहेर हाकलल्या, मग ओतली, मग काडी लावली. बघणाऱ्यानं ओघळ बघितला असेल. लाथ नाही बघितली, कारण ती मारलीच नव्हती."

"आणि पातेलं?"

"माझ्याकडे आहे." त्यांनी हनुवटी वर केली. "तळाला पोचा आहे. परत देणार नाही. तिनं माफी मागितली तरी नाही, आणि मी मागणार नाही हे तर सोडूनच दे. ती गावात यावी असंही मी म्हणत नाही. यायचं नाही तिनं. पण माझ्या नावावर लाथ नको. एवढं घाल. आणि माझ्याच आवाजात घाल, हे झगेवाले बोलतात तसं नको."

अबू सतम एवढंच म्हणाले, "चला." सहा माणसं उठली, बूट घातले, गाड्यांची दारं आपटली. मेजावर सहा भरलेले पेले थंड होत राहिले. शेखांसारख्या माणसाची कॉफी तशीच उरावी याहून मोठी नाचक्की त्या घराला माहीत नव्हती.

"आता एक मिनिट कुणी बोलू नका," नायफा म्हणाली, "मला खोलीचा आवाज हवाय."

"खोलीचा आवाज!" रातिब म्हणाला. किटली अजून त्याच्या हातात होती. "या खोलीत आता उरलंय काय?"

"ते मिनिट झाल्यावर सांग."

तो दात चावत गप्प राहिला. बाहेर गॅसच्या गाडीची बेसूर धून वाजत गेली, त्यामुळे मिनिट पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. मिफ्दीकाका रडले नाहीत. डोळे मिटून, तोंड वाकडं करून, कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या देत असल्यासारखे बसून राहिले.

काका गेल्यावर रातिब तिच्याकडे वळला. "माझी मान खाली गेली आज. माझ्याच बैठकीत."

"मी काय केलं? मी तर कॉफी केली."

"थट्टा करू नकोस!"

"थट्टा नाही. तू 'प्या' म्हणाला नाहीस, रातिब. म्हणायची वेळच आली नाही. घराचा शब्द कुणाला दिला गेला नाही. मग मी तो मोडणार कसा?"

 तिचा मुद्दा खरा होता आणि त्याचीच रातिबला जास्त चीड येत होती. "तरी बॅग भर," तो शेवटी म्हणाला. "आज नाही, उद्या नाही. पण भरून ठेव." आणि सुब्हियाला हाक मारून म्हणाला, "हिचा चहा वेगळा कर इथून पुढे."

बुधवारी गोष्ट निघाली. नायफानं दोन्ही आवाज मागे-पुढे लावले होते, मध्ये स्वतःचा एक शब्दही घातला नव्हता. हसनाच्या पत्र्याच्या खोलीचं रिकामं मिनिट आणि रातिबच्या बैठकीचं रिकामं मिनिट तिनं एकात एक मिसळून टाकलं, म्हणजे ऐकणाऱ्याला दोघं एकाच घरात बसल्यासारखी वाटत. ते जुळवायला दोन दिवस लागले.

शिव्या दोन्हीकडून आल्या. ऐन सुमाकमधून आल्या, कारण म्हाताऱ्यानं काडी कबूल केली होती. मफ्रकमधून आल्या, कारण काडी लावणाऱ्याला आवाज दिला होता. अबू सतमनी एका लग्नात जाहीर सांगितलं की ज्या गावात टेपवाल्या पोसल्या जातात त्या गावाचं पाणी ते पिणार नाहीत, आणि मग तहान लागली म्हणून पाण्याऐवजी सरबत मागवलं. दुकानदार अजूनही नायफाला साखर देत नव्हता. सुब्हिया शेजारणीच्या नावानं आणत असे आणि म्हणत असे, "मी वन्संसाठी नाही आणत, मला जास्त लागते."

हसनाचा फोन चौथ्या दिवशी आला.

"त्या हैवानाला माझ्या शेजारी बसवलंस," ती सलाम न करताच म्हणाली. "माझं घर जाळणाऱ्याला! मी तुला दाराशी बसवलं ते चुकलंच. दारातूनच परत पाठवायला हवी होती."

"ऐकलंत का पूर्ण?"

"दोनदा. सून म्हणाली पुरे, तरी दोनदा." श्वासाचा आवाज आला. "कोंबड्यांना घातली म्हणाला."

"हो."

"सात होत्या. एक खुडूक होती." मग आवाजात पुन्हा ती लोखंडी कडी वाजली. "खोटं बोलत असेल तर? पातेलं खरंच असेल त्याच्याकडे, तर विचार त्याला, झाकण आहे का? आईनं झाकणासकट दिलं होतं. विचार त्याला."

नायफानं यंत्र पिशवीत टाकलं आणि गल्ली ओलांडून मिफ्दीकाकांकडे गेली. ते ओट्यावर उन्हात बसले होते. तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"पुन्हा आलीस? झालं ना तुझं?"

"हसना विचारतेय, झाकण आहे का?"

"झाकण?" काका ताडकन वळले. "कसलं झाकण? झाकण कधी नव्हतंच! सांग तिला. रोज उघड्यावर शिजवायची. पार मशिदीपर्यंत वास यायचा तिच्या मसुरीचा, जिरं जाळून घालायची. झाकण म्हणे!" त्यांनी काठी आपटली. "चालू आहे का ते तुझं यंत्र? चालू कर. हे पण तिला माझ्याच आवाजात ऐकव."

नायफानं यंत्र चालू केलं.